चढणीखाली उघडलेलं दार

मी विजेवर चालणारी बस बोलतेय. आवाज माझ्याकडे मुळातच कमी, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

मी डेपोत आले तेव्हा साहेबांनी ड्रायव्हरमामांना बजावलं, "महिनाभर चालवून बघा. लोक बसले तर ठेवू, नाहीतर परत पाठवू." मामांनी तीस वर्षं डिझेलची गाडी हाकलेली. ते म्हणाले, "ही सुरू झाली हे कळणार कसं?"

माझा मार्ग बाजारापासून टेकडीपलीकडच्या दवाखान्यापर्यंत. मधली चढण अगदी उभी. तिथली रीत पाहून मी थक्क झाले. जुन्या गाडीला भार सोसायचा नाही, म्हणून धडधाकट माणसं चढणीखाली उतरायची, पायी वर जायची आणि पुन्हा गाडीत बसायची. यंत्राला धाप लागू नये म्हणून माणसं धापा टाकायची!

पहिल्या दिवशी मामांनी तिथे दार उघडलं आणि मी रिकामी झाले. उरल्या एक आजी आणि त्यांची सून.

"आई, उतरा. ही खेळण्यातली गाडी मागे घसरली म्हणजे?"

"अगं, दोन पावलं चालले की छातीत कळ येते. घसरले तर हिच्यासकट घसरेन!"

मामांनी सवयीने डावा पाय क्लचसाठी दाबला. क्लच नव्हताच. मी निघाले. चालणाऱ्यांच्या शेजारून गेले तरी कुणाला चाहूल लागली नाही.

माथ्यावर आजींनी घट्ट मिटलेले डोळे उघडून विचारलं, "मामा, गाडी कधी सुरू करताय?"

मामा खाली उतरले. माझ्या अंगावर तळहात ठेवून पुटपुटले, "तापलीसुद्धा नाही." बराच वेळ त्यांनी हात काढलाच नाही.

हळूहळू दोघे-चौघे बसून राहू लागले. बाकीचे मात्र उतरायचेच. शाळेतले मास्तर तर सगळ्यांच्या आधी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येऊन बसले. मी खचाखच भरलेली. चढणीखाली मामांनी दार उघडलं.

"ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. दाराशी मास्तरच उभे होते. त्यांनी चढणीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मामा, दार लावा की. शाळेला उशीर होतोय."

दार लागलं. इतक्या माणसांनी आपला जीव माझ्या हवाली केला होता. एवढं मोठं ओझं मी तोवर कधी उचललं नव्हतं. आता रोज उचलते, आणि रोज तितकीच भारावून जाते. तुम्ही फक्त बसून राहा.