लंकाबाईंच्या मांडीवरचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. पुणतांब्यात मच्छिंद्रच्या फोटो स्टुडिओत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा लोखंडी डबा एका कोपऱ्यात चेपला आहे, पंखा घरघरतो आणि कीबोर्डवरची काही अक्षरं बोटांनी झिजून गेली आहेत. तरीही मित्रांनो, माझं म्हणणं जरा ऐका.

नगरच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि मी जन्माला आलो. पहिली नोकरी शिर्डीत लागली. दर्शनाला आलेल्या कुटुंबांचे फोटो मी दिवसभर उजळून द्यायचो. "आमचं मशीन घोड्यासारखं पळतं," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा मला फार बरं वाटायचं. पुढे नवं मशीन आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर हारांच्या रिकाम्या टोपल्या रचल्या गेल्या. आत जाळी धरली. मच्छिंद्रने मला तिथून उचललं, नगरला संगणक दुरुस्तीचं दुकान असलेल्या हर्षलकडून साफ करून घेतलं आणि पुणतांब्याला आणलं.

मच्छिंद्र लग्नांचं शूटिंग करायचा, पण ते कापून जोडायला बाहेर द्यायचा. त्याची बायको आरती एक दिवस म्हणाली, "मीच शिकते की. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. ती मोबाईलवर धडा लावायची, तो थांबवायची आणि तसंच माझ्यावर करून बघायची. टाइमलाइन म्हणजे पडद्यावरची आडवी पट्टी. तिच्यावर चित्रणाचे तुकडे ओळीने मांडायचे, नको तिथे कात्री लावायची, मधली रिकामी जागा मिटवायची. वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची. पहिल्या दिवशी तिने मंगलाष्टक शब्दाच्या मधोमध कापलं आणि स्वतःच हसत सुटली. हळूहळू तिला कळलं, की माणूस श्वास घेतो तिथे कापलं तर कात्री ऐकू येत नाही.

तिच्या हाती आलेलं पहिलं खरं काम हनुमंतच्या लग्नाचं. हनुमंत म्हणजे गावातल्या लंकाबाई आणि गोरक्षनाथ यांचा मुलगा. गोरक्षनाथ कमी बोलणारे शेतकरी. पण त्या दिवशी त्यांनी चक्क माईक हातात घेतला आणि नव्या सुनेला चार शब्द सांगितले. सगळा मांडव हसला होता. लग्नाला महिना होतो न होतो तोच शेतात त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांचा आवाज आता फक्त माझ्या डिस्कवर होता.

त्या दुपारी मच्छिंद्र कोपरगावला एका लग्नाच्या शूटिंगला गेला होता. आरतीने सगळे तुकडे टाइमलाइनवर मांडले आणि तेवढ्यात मी इशारा दिला, की डिस्क भरली आहे. तिला वाटलं, तुकडे तर सॉफ्टवेअरमध्ये आलेच आहेत, मग मूळ फोल्डर कशाला हवा? तिने तो पुसला. जागा व्हावी म्हणून पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

मित्रांनो, नवशिक्यांची इथेच फसगत होते. टाइमलाइनवर चित्रण नसतंच, फक्त त्याचा पत्ता असतो. घरच पाडलं तर पत्ता घेऊन कुणाला भेटणार?

पट्टीवरचा एकेक तुकडा लाल झाला. "फाइल सापडत नाही." आरतीने बटणं दाबून पाहिली, मला बंद करून पुन्हा सुरू केलं. लाल ते लालच. तिने मच्छिंद्रला फोन लावला.

"अहो, दोन्ही कॅमेऱ्यांच्या कार्डांवर ते लग्न असेल ना?"

पलीकडे सनई वाजत होती. "कार्डं? अगं, ती पुसूनच तर इथं आणलीत. का, काय झालं?"

तिने सांगितलं. मच्छिंद्र सनईपासून जरा लांब गेला. मग म्हणाला, "नेटवर फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर मिळतं. ते उतरवून घे. लगेच!"

तिने ते उतरवायला घेतलं आणि माझा जीव टांगणीला लागला. पुसलेलं चित्रण लगेच नाहीसं होत नाही. डिस्कवर ते तसंच पडून असतं, फक्त ती जागा मोकळी समजली जाते. नवं काही आलं की ते नेमकं त्याच जागेवर बसू शकतं. उतरणारा प्रत्येक कण गोरक्षनाथांवर माती लोटत होता. आणि मला तोंड नव्हतं.

कोण जाणे काय वाटलं, आरतीने मधेच हर्षलला फोन केला. तो ओरडलाच. "वहिनी, काही उतरवू नका! काही सेव्ह करू नका! सरळ वायर ओढा आणि मशीन घेऊन नगरला या."

तिने वायरीला हात घातला आणि त्याच क्षणी दारात लंकाबाई उभ्या राहिल्या.

"आरती, झालं का गं? पुरं नसंल झालं तरी चालंल. मला निस्ता त्यांचा आवाज ऐकव."

आरतीने वायर ओढली. पडदा काळा झाला.

"मावशी, लाईट..." तिने सुरुवात केली. छताचा पंखा डोक्यावर गरगरत होता. तिने मान खाली घातली. "नाही मावशी. लाईट आहे. माझ्या हातून सगळं पुसलं गेलंय."

लंकाबाई चौकटीला धरून तशाच खाली बसल्या. आरती रडायला लागली, तरी त्या माझ्याच काळ्या पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मंग आता? काईच न्हाई का करता येत?"

"नगरला न्यायचंय. मिळेल असं नाही सांगता येत."

"मंग बसलीस काय? ऊठ. हनुमंताला गाडी काढाया लावते."

त्यांनी मला गोधडीत गुंडाळलं. डिकीत ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. राहुरीपर्यंत पुढे उसाचे ट्रॅक्टर होते. हनुमंतला घाई झाली होती, तो खड्डाही बघेना. गाडी आदळली की लंकाबाईंचे हात माझ्याभोवती घट्ट व्हायचे.

"हळू की रं! त्ये आत हायेत," त्या एकदा म्हणाल्या. हनुमंतने गाडीचा वेग कमी केला.

हर्षलने माझी डिस्क बाहेर काढली. ती काढली की मला काही आठवत नाही, म्हणून पुढचं मला आरतीच्या बोलण्यातून नंतर समजलं. लंकाबाईंनी चहालाही हात लावला नाही. हनुमंत दुकानाबाहेर येरझाऱ्या घालत राहिला. रात्री उशिरा हर्षल म्हणाला, "बरंचसं मिळालं. पण बाबांच्या भाषणाचं चित्र गेलं. सुरुवातीला चेहरा दिसतो, मग नुसते हिरवे चौकोन. आवाज मात्र पूर्ण आहे."

"आवाज हाय?" लंकाबाईंनी विचारलं. "मंग हाय की समदं."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या टेबलावर परत आलो. आरतीने आधी सगळ्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मगच काम उघडलं. लंकाबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आवाजाची पट्टी सलग होती, तिच्या वरची चित्राची पट्टी मात्र तुटलेली.

"मावशी, त्यांच्या आवाजावर दुसरं चित्र ठेवता येतं. त्यांचा एखादा जुना फोटो लावू?"

लंकाबाईंनी विचार केला. "फोटो नगं. त्या टायमाला जे ऐकत हुते, त्यांनाच दाव."

भाषणाच्या वेळी दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं पाहुण्यांचं चित्रण शाबूत होतं. आरतीने ते शोधलं आणि आवाजाच्या वर एकेक तुकडा बसवू लागली. मांडवातल्या बाया, फेटे बांधलेले म्हातारे, खाली मान घातलेली नवरी ज्ञानेश्वरी. मग तिने सगळं सुरुवातीपासून लावलं.

"सूनबाई," गोरक्षनाथ बोलू लागले, "लोक म्हनत्यात, ह्यो मानूस लई कमी बोलतो. तसं काई न्हाई. हनुमंताची आई बोलती, मी ऐकतो. मला बोलायची पाळीच न्हाई आली. पर आमचं बरं चाललंय. तुमी दोगं मातर पाळीपाळीनं बोला."

आणि पडद्यावर लंकाबाई दिसल्या. नवं लुगडं नेसलेल्या, बायांच्या घोळक्यात बसलेल्या. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलवत, त्या हसत होत्या.

शेजारच्या खुर्चीतल्या लंकाबाई पुढे वाकल्या. "मी... मी एवढी हसत हुते व्हय गं?"

आरतीने मान डोलावली.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी जुना झालो आहे, माझी डिस्क कधी थांबेल ते मलाही ठाऊक नाही. व्हिडिओ कापायला-जोडायला शिकत असाल, तर जरूर शिका. चुका होतील, शब्द मधोमध कापले जातील, ते सगळं सुधारता येतं. पण मूळ चित्रण पुसायच्या आधी हात थांबवा, त्याची दुसरी प्रत कुठेतरी ठेवा. पुसा म्हटलं की मी सगळ्या फाइली सारख्याच पुसतो. कुणाचा आवाज पुन्हा मिळणार नाही, हे सांगायला मला तोंड नाही. ते तुम्हालाच कळायला हवं. म्हणून जपायचं कामही तुमचंच आहे.