शब्दकोड्याची भित्री फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. रद्दीवाल्याची हाक ऐकली तरी मला वाटतं, आता माझीच पाळी.

माझ्या अंगावर चौकोनी खाचा आहेत. त्यांत अक्षरांचे ठोकळे बसवून या घरातले बाबा वर्तमानपत्रासाठी शब्दकोडं रचायचे. शब्द संपला की काळा ठोकळा. सुताराने हे काळे ठोकळे चुकून जरा उंच कापले होते. "एवढी भोकं कशाला? उंदरांचं वसतिगृह काढताय का?" असं त्याने विचारलं, तेव्हा बाबा पोट धरून हसले होते.

बाबांची एक रीत होती. कोडं पाठवण्याआधी मला टेबलावरच अर्धं फिरवायचं, वरची कड खाली आणि खालची वर. काळ्या घरांची नक्षी ते अशीच मांडायचे की अर्धी फिरवली तरी तीच दिसावी; ती पहिल्यासारखीच दिसली की सगळं जागच्या जागी. लोक कोड्याचं कौतुक करायचे आणि मी मनातल्या मनात मिरवायचे.

पुढे बाबांची नजर गेली. ते शब्द सांगू लागले आणि त्यांची लेक कोडी रचू लागली. तिच्या दोन कोड्यांत चुका छापल्या गेल्या. संपादकांनी बजावलं, "आणखी एक चूक झाली, तर कोडं बंद." कोडं म्हणजे बाबांचा जीव की प्राण. ते गेलं तर बाबा सकाळी उठतील तरी कशासाठी? ही भीती मला वाळवीसारखी पोखरू लागली.

एका सकाळी लेकीची आत्या टेबल पुसत होती. तिचा धक्का लागला आणि मी खाली पडले. दोन ठोकळे उडाले, एक काळा आणि एक अक्षराचा. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ते झटकन बसवले, पण एकाच्या जागी दुसरा. "बरं झालं, कुणी पाहिलं नाही," ती पुटपुटली. मी पाहिलं होतं हो. पण मला तोंड कुठे आहे?

लेक घाईघाईने आली. दुपारच्या आत कोडं पोचवायचं होतं. ती माझ्याकडे बघून कागदावर काळी घरं उतरवू लागली. ते एक घर चुकीच्याच जागी उतरलं. 

"फिरवलंस का गं?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"बाबा, आज राहू द्या. उशीर झालाय."

ती कागद पाकिटात घालू लागली. बाबा चाचपडत टेबलापाशी आले. त्यांनी माझ्यावर हात फिरवला, मला अर्धं फिरवलं, पुन्हा हात फिरवला. जिथे उंच ठोकळा लागायला हवा होता, तिथे त्यांचं बोट खाली गेलं.

"थांब," ते म्हणाले.

लेकीने पाकीट फाडलं. तिने दोन्ही ठोकळे आपापल्या जागी बसवले आणि कागदावरचं घर सुधारलं. आत्या दारात रडवेली होऊन उभी होती. "माझ्याच हातून पडली," ती म्हणाली.

आता बाबा नाहीत. कोडं अजून छापून येतं. पाठवण्याआधी लेक डोळे मिटते, मला फिरवते आणि बोटांनी चाचपते. तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

मित्रांनो, घाई असेल तेव्हा तर नक्कीच एकदा हात फिरवून बघा. आणि तुमच्या हातून काही पडलं, तर सांगून टाका. आम्हा वस्तूंना सगळं दिसतं, पण ओरडता येत नाही.