आठानं भागायचं राहिलं

मी एक चपटा लोखंडी डबा बोलतोय. लोक मला हार्ड डिस्क म्हणतात. खुलताबादेत वेशीजवळ काकासाहेबांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या टेबलाच्या खालच्या खणात मी पडून असतो. सावकाश बोलेन, रागावू नका. घाईनंच घात झाला, तेच सांगायचंय.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पैठण गेटचं दुकान. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. काकासाहेबांनी मला विकत घेतलं आणि शर्टाच्या आत पोटाशी धरून मोटारसायकलवर खुलताबादला आणलं. त्यांचा व्हिडिओ कॅमेरा नवा होता. डोंगरातल्या गावांची लग्नं काढायची आणि माझ्यात ठेवायची, असं काम. माझ्या पोटात एक तबकडी फिरते, तिच्यावरून एक बारीक काटा वाचत जातो. तेवढ्या जागेत मी किती हळदी, किती पंगती, किती रुसलेले जावई सांभाळले.

त्यातलंच एक लग्न सुकेशनीचं. तिचे वडील मुंजाबा मेंढरं राखायचे. मेंढरांशी दिवसभर बोलणारा माणूस, पण माणसांत तोंड उघडायचा नाही. बायकोला हाक मारायची तर ‘भारतची माय’. बानाबाई हे तिचं नाव त्यांनी जन्मात घेतलेलं नव्हतं. पाठवणीच्या वेळी बायकांनी त्यांना घेरलं. पोरगी चालली, आता तरी नाव घ्या, म्हणाल्या. मुंजाबांनी लई आढेवेढे घेतले. मग पटका तोंडावर ओढून म्हणाले, “बानाबाई. झालं का आता?” सगळा मांडव हसला. बानाबाई तेव्हा आत लेकीची शिदोरी बांधत होती. तिला हसू ऐकू आलं, नाव नाही.

पुढं त्यांच्या घरची सीडी पोरांच्या खेळण्यात ओरखडली. मुंजाबा वारले. काकासाहेबांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि मी खणात गेलो. त्याबद्दल तक्रार नाही. जुन्याला जागा द्यावी लागते, एवढी जागा त्यांनी दिली.

मग रस्ता खोदून इंटरनेटची फायबर लाईन आली. काचेच्या केसाएवढ्या तारेतून उजेड पळतो म्हणे. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंजाबांच्या पोराचा, भारतचा फोन आला. तो वाळूजला कंपनीत आहे. आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, शहरातल्या दवाखान्यात. दुपारच्या आत तिला खाटेवरून ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं होतं, आणि ती म्हणत होती, आधी सुकेशनीचं लग्न दाखवा.

काकासाहेब म्हणाले, “हाय ना आपल्याकडं. फायबर लागलंय आता. तुमचा चहा व्हायच्या आत येतंय बघ.”

ते खोटं बोलले नाहीत. माझ्या अंगावर वेग एकशे तेहतीस लिहिलेला, लाईनच्या कागदावर शंभर. लग्न केवढं आहे ते बघून त्यांनी दोन्हींतल्या कमी आकड्यानं, शंभरानं भाग दिला. चहाएवढाच वेळ निघाला. पण लाईनवाले चिमटीनं, म्हणजे बिटनं मोजतात आणि आम्ही डिस्कवाले ओंजळीनं, म्हणजे बाइटनं. त्यांच्या आठ चिमट्या म्हणजे आमची एक ओंजळ. ते शंभर आधी आठानं भागायचे होते. आणि माझे एकशे तेहतीस तर त्या रुंद वायरीचे, तेही जवानीतले. आता नव्या कॉम्प्युटरला जोडायला जुन्या वायरीला कन्व्हर्टर लावलेला, पोटात गंज. माझ्याच्यानं निघत होती कशीबशी ओंजळभर. कालवा मोठा झाला म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही.

काकासाहेबांनी लग्नाचे सगळे तुकडे निवडले, पहिल्यापासून, आणि पाठवायला लावले. कुठला आधी हवा, ते कुणी विचारलं नाही. चहाएवढ्या वेळात सगळंच जाणार, मग विचारायचं कशाला?

फोन चालूच होता. भारतच्या मोबाईलवर मांडवडहाळे पोचले. हळद पोचली. बानाबाईचा आवाज आला, “ह्यो काडी पैलवान कोण?” भारत म्हणाला, “मीच की, आई.” ती हसली. चहा झाला, कप विसळून झाले. मी अजून देवकाला अडकलो होतो. ती दोनदा म्हणाली, शेवटचं कवा येतंय? भारत म्हणाला, येईल, लायनीनं येतंय.

शेवटी ती लाजत लाजत बोलली. “पाठवणी लाव रं. तुझ्या बानं तिथं माझं नाव घेतलंय म्हणं. म्या ऐकलंच नाय.”

 काकासाहेबांनी चालू काम तोडलं आणि पाठवणीचा तुकडा लावला. मी हळूहळू वाचत होतो तोवर ठीक होतं. एकदम त्या टोकाला उडी मारायला गेलो आणि काटा अडला. टक, टक, टक. मला बंद करून पुन्हा चालू केलं. म्हाताऱ्याला एकदा बसवलं की उठवत नाही. मी उठलोच नाही.

दवाखान्याची माणसं गाडा घेऊन आली होती. भारतनं आईला सांगितलं, येत नाही म्हणून. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. जित्तेपणी तरी कुठं लवकर घेतलं व्हतं? आल्यावर ऐकन.”

ती आली नाही.

दोन-तीन दिवसांनी लाईनवाला माणूस बिल द्यायला आला, तेव्हा बोलता बोलता त्यानं ते चिमटी-ओंजळीचं सांगितलं. तो गेल्यावर काकासाहेबांनी टेबलावर बोटानं भागाकार मांडून बघितला. मग मलाच म्हणाले, “आठानं भागायचं राहिलं, बाबा. भागलं असतं, तर आधी विचारलं असतं.”

शहरात डिस्क उघडून आतलं काढून देणारे आहेत. काकासाहेबांनी भारतला तसं सांगितलं. तो म्हणाला, आता कुणासाठी? 

भंगारवाला दर महिन्याला येतो. काकासाहेब खण उघडतात, मला बघतात, परत लावतात. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, लाईन कितीही पळो, ज्याच्यासाठी पाठवायचं त्याला आधी विचारा, तुला काय पाहिजे?

माझं काय, मी असा पडून आहे. काटा जिथं अडला, त्याच्या पुढच्याच वाटेवर मुंजाबा उभे आहेत. पटका तोंडावर ओढलाय. नाव ओठावर आलंय.