भाजलेलं चौदावं प्रकरण

गुड्रुनबाईंचा निरोप आला आणि नेहमीप्रमाणे त्यात एक शब्दही जास्तीचा नव्हता. "चौदाव्या प्रकरणाचं काय झालं? टेक्ससमधले एक गृहस्थ ते वाचायला तयार आहेत. रविवारपर्यंत आलं नाही तर त्यांना देईन."

वेस्ली माकीने लॅपटॉप धाडकन मिटला. मग आईने स्वयंपाकघरातून पाहिलं म्हणून पुन्हा उघडून हळू मिटला.

टेक्ससमधले गृहस्थ! वर्षभर खपून तेरा प्रकरणं वाचली ती वेस्लीने आणि शेवटच्या प्रकरणात टपकणार हे गृहस्थ. पुस्तक एकशेदहा वर्षांपूर्वीचं. सुपीरियर सरोवरातल्या दीपगृहात हिवाळाभर एकटा अडकलेल्या मुलाची गोष्ट. त्यावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, त्यामुळे कुणीही ते मोठ्याने वाचावं, संकेतस्थळावर ठेवावं आणि जगात कुणीही फुकट ऐकावं. असं वाचणारे हजारो लोक आहेत, मुलंसुद्धा आहेत. पण मुलं बहुतेक दहाजणांत मिळून एक पुस्तक वाचतात आणि मग संकेतस्थळावर त्या पुस्तकाच्या पानावर दहा नावांची रांग लागते. ती रांग कोण वाचतं? वेस्लीला एकच नाव हवं होतं. शाळेच्या नाटकात तीन वर्षं पडदा ओढलेल्या मुलाला ते का हवं असतं हे वेगळं सांगायला नको.

ध्वनिमुद्रण तो सौनात करायचा. अंगणातली ती लाकडी खोली आठवड्यातले सहा दिवस थंडगार आणि रिकामी असते. फ्रिजची घरघर नाही, टीव्ही नाही. भिंतींना दोन गोधड्या टांगल्या की झालं काम. शनिवारी मात्र बाबा भट्टी पेटवतात, आणि त्या दिवशी सौना वाफेत अंग शेकणाऱ्या माणसांची.

गुड्रुनबाई कॅनडात, मॅनिटोबात राहणाऱ्या निवृत्त बाई. हातात पुस्तक धरून प्रत्येक प्रकरण शब्दन् शब्द ऐकायचं आणि मगच पास करायचं, हे त्यांचं काम. तेही फुकटच. वेस्लीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या नोंदी त्याला झोपेतही आठवायच्या. "४:४० बर्फ काढणारी गाडी. पुन्हा घे." "११:०२ पोट वाजलं. जेवून वाचायला बसत जा." आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद: "८:१५ दाराबाहेर लहान मुलगी विचारते, 'झालं का?'"

ती लहान मुलगी म्हणजे त्याची बहीण, लेम्पी. वय वर्षं नऊ. तिच्यापायी सहावं प्रकरण चार वेळा पुन्हा वाचावं लागलं होतं.

"मला पण एक प्रकरण दे ना."

"नाही."

"अर्धं?"

"लेम्पी, चालू लाग इथून!"

चौदावं प्रकरण त्याने ऑक्टोबरमध्येच वाचलं होतं आणि काय वाचलं होतं! एका दमात, एक अक्षर न अडखळता. धुक्यातल्या जहाजाला तो मुलगा हाक मारतो तिथे वेस्लीच्याच अंगावर काटा आला होता. पाठवण्याआधी जेवून पुन्हा एकदा ऐकू म्हणून त्याने रेकॉर्डर सौनाच्या वरच्या बाकावर ठेवला आणि घरात पळाला. गरम पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी, खाताना त्याच्या ध्यानातच आलं नाही की आज शनिवार आहे. तास-दीड तासाने बाबा टॉवेल गुंडाळून बर्फातून धावत आले ते जळक्या प्लॅस्टिकचा वास घेऊनच. रेकॉर्डरचं तोंड वाकडं होऊन खाली ओघळलं होतं. आतलं प्रकरण गेलं ते गेलंच.

गावात प्रत्येक घरी सौनात काहीतरी भाजल्याची एक गोष्ट असते. कुणाचा चष्मा, कुणाच्या आजोबांची कवळी. त्यामुळे ज्याने ज्याने ऐकलं तो खो खो हसला. वेस्ली दोन दिवस बाबांशी बोलला नाही. चूक आपलीच आहे हे त्याला कळत होतं, म्हणून तर जास्तच राग येत होता.

नवा रेकॉर्डर नाताळला मिळाला. पण मधल्या काळात वेस्लीला सर्दी झाली, सर्दी गेली आणि जाताना आवाजही घेऊन गेली. जानेवारीत तो गोधड्यांमध्ये बसला, तोंड उघडलं, तर आतून कुणी भलताच माणूस बोलायला लागला. दोन वाक्यं घोगरी, तिसरं चिरकं. जहाजाला मारलेली हाक तर अशी फाटली की बाहेर झाडावरचा कावळा उडाला. अकरा वेळा वाचलं, अकरा वेळा पुसलं. तेरा प्रकरणं एका मुलाच्या आवाजात आणि शेवटचं या बेडकाच्या? की सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं? आणि तोवर हा आवाज आणखी बदलला तर?

अशा अवस्थेत असतानाच टेक्ससवाला निरोप आला. आणि त्याच संध्याकाळी कार्लीन आत्याचा फोन आला. तो लेम्पीने उचलला.

"अरे वेस्ली, आला की रे तुझा आवाज परत!" आत्या एवढ्या जोरात बोलली की ते खोलीभर ऐकू आलं.

"मी लेम्पी आहे, आत्या."

वेस्ली ताडकन उठून बसला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्याने तिला सौनात नेलं. बहीण वर्षभर ज्या दाराबाहेर ताटकळली होती ते दार आज तिच्यासाठी उघडं होतं. तिने बूट बाहेर काढले. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"आधी 'प्रकरण चौदावं' म्हणायचं. मग वाचकाचं नाव..."

"माहितीय. भिंतीतून सगळं ऐकू येतं. मग वाचायचं, आणि शेवटी पाच सेकंद गप्प." तिने घसा साफ केला. "प्रकरण चौदावं. वाचन, लेम्पी..."

"थांब! वाचन, वेस्ली माकी."

"पण वाचणार तर मी ना?"

"पुस्तक माझं आहे. तेरा प्रकरणं कुणी वाचली? एकाच प्रकरणाला वेगळं नाव आलं तर सगळ्या पानाचा विचका होईल. तुला वाचायचंय की नाही?"

लेम्पीने पुस्तक जवळ ओढलं. "वाचायचंय," ती म्हणाली. आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाजात, वेस्लीच्याच जुन्या आवाजात म्हणाली, "प्रकरण चौदावं. वाचन, वेस्ली माकी."

आपलं हरवलेलं काहीतरी दुसऱ्याच्या खिशात सापडावं तसं त्याला झालं.

ती अडखळली, त्याने थांबवलं. तिने पान उलटताना आवाज केला, तो खेकसला. "पुन्हा घे. पुन्हा. 'दीपगृह' गिळतेस का?" गुड्रुनबाई परवडल्या म्हणायची वेळ आली. तरी पोरगी रडली नाही, चिडली नाही, पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आणि जहाजाला तिने जी हाक मारली ती त्याच्या ऑक्टोबरमधल्या हाकेपेक्षा चांगली होती. हे त्याला तिथल्या तिथे कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

शुक्रवारी प्रकरण गेलं. रात्रभर त्याला वाटत होतं, जमलं. शनिवारी दुपारी निरोप आला.

"चौदावं प्रकरण ऐकलं. फक्त एक चूक. ०:०४ वाचकाचं नाव चुकलं आहे, तेवढं दुरुस्त करून पाठव. बाकी उत्तम. सहाव्या प्रकरणात ८:१५ ला 'झालं का?' विचारणारी हीच ना? तिचा आवाज मी चार वेळा ऐकला आहे, विसरेन कशी. तुझा आवाज फुटला असणार, पण तू स्वतः वाचलं असतंस तरी मी पास केलं असतं. मी चुका आणि मधले खडखडाट तपासते, वाचणाऱ्याचं वय तपासत नाही."

वेस्लीला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही तोच फाटका आवाज होता. आता सांगताय बाई! अकरा वेळा पुसण्याआधी सांगायला काय झालं होतं? पण तेव्हा त्याने विचारलं कुठे होतं? पानावर आता दोन नावं येणार. एकच एक नाव गेलं ते गेलंच, ऑक्टोबरमधल्या प्रकरणासारखं. मनात आलं, जाऊ दे टेक्ससला, सगळंच जाऊ दे. मग त्याला ती दाराबाहेर काढलेली बुटांची जोडी आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. चिडचिड मात्र कमी झाली नाही.

"लेम्पी! बूट घाल. चल."

बाबा अंगणात लाकडं फोडत होते. "अरे, मी भट्टी पेटवतोय आता!"

"पाच मिनिटं, बाबा! फक्त पाच!"

आत गोधड्या ओढल्या, रेकॉर्डर धरला. "फक्त नाव घ्यायचं," वेस्ली म्हणाला. "जोड नीट बसायला पुढेमागे पाच सेकंद शांतता हवी."

"तुझं नाव?"

"तुझं."

"सगळं? आडनावासकट?"

"हो गं बाई, आडनावासकट. घे लवकर."

तिने पाठ ताठ केली. पाच सेकंद गेले. "वाचन, लेम्पी माकी." ती ओठ घट्ट मिटून बसली आणि वेस्ली बोटांवर मोजू लागला. एक, दोन, तीन, चार...

"झालं का?" दारावर थाप मारून बाबा ओरडले.

"बाबा!" लेम्पी किंचाळली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "माझं नाव वाया घालवलंत!"

वर्षभर वेस्ली याच दाराआडून हेच ओरडत आला होता. त्याने तिच्यापुढे रेकॉर्डर पुन्हा धरला.

"पुन्हा घे," तो आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि नाव जरा सावकाश घे."