नमुन्याची पहिली ओळ

ओक आजोबांनी सुकवलेल्या पर्सिमन फळांचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि हेरिनने तो घेण्याआधीच माफी मागितली. "कामाच्या वेळी आलो, पोरी. फोनवर नीट सांगता येईना."

खोक्यावर घडी घातलेला कागद होता. हेरिनने तो घडीतूनही ओळखला. तिनेच लिहिलेला नमुना होता तो.

फांग्यो शहरातली तिची कंपनी ग्राफ डेटाबेस बनवायची. त्यात माहिती ठिपक्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांत साठते. आपल्या प्रोग्राममधून त्या साठ्याशी बोलायला ड्रायव्हर नावाचा दुवा लागतो, आणि तो कसा वापरावा हे सांगणारी पानं हेरिन लिही. पूर्वीची पानं रूक्ष होती. तिने प्रत्येक पानावर चालवून बघण्याजोगा छोट्या प्रोग्रामचा नमुना घातला. कितीदाही चालवा, उत्तर तेच यावं, हा तिचा हट्ट. म्हणून पहिल्याच ओळीत ती साठ्यातलं आधीचं सगळं पुसायची. सरावाला रिकामा साठा घ्यायचा, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. ते लिहायचं तिला सुचलंच नाही.

ओक आजोबा कंपनीचा हा साठा वापरायचे, पण या धंद्यातले नव्हते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते घराण्याची वंशावळ भरत होते. जुन्या छापील वंशावळीत मुलींची नावं नव्हती, जावयांची होती. आजोबांनी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांशेजारी बसून ती नावं विचारली, तिथल्या तिथे साठ्यात भरली. मग हेरिनचं नवं पान दिसलं, सोपं वाटलं, म्हणून नमुना चालवून पाहिला.

"पडद्यावर पाचच माणसं उरली," ते म्हणाले. "तुझ्या नमुन्यातली."

ज्यांनी नावं सांगितली त्यातल्या बऱ्याच जणी आता नव्हत्या.

चूक आपल्या अंगावर घ्यायची नाही, असं विभागप्रमुख पांग यांनी हेरिनला सकाळीच बजावलं होतं. दुसरी प्रत ठेवली होती का, एवढंच विचारायचं. तिने विचारलं. आजोबांचे कान लाल झाले.

"नाही ठेवली. आयुष्यभर पोरांवर वह्या जपा म्हणून ओरडलो, आणि मीच असा. तुझं काही चुकलं नाही गं. तू तर किती सोपं लिहिलंस." ते कमरेत वाकले. हेरिन त्यांच्याहून खाली वाकली. निदान तेवढा वेळ तोंड दाखवावं लागलं नाही.

काही परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मग पहिल्यापासून दाखवशील का, म्हणाले. थोरल्या बहिणीचं नाव तरी कुणाला विचारायला नको.

दोघं संगणकापुढे बसली. आजोबांनी कागद उलगडला, मास्तरांच्या सवयीने पहिल्या ओळीखाली पट्टी धरली आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागले. काचेपलीकडून पांग बघत होते. हेरिनने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही नको, आजोबा."

"का? पहिलीच तर आहे."

"ती सगळं पुसते. मीच लिहिली. वर तसं सांगायला हवं होतं, नाही सांगितलं."

आजोबांनी खिशातून पेन्सिल काढून ती ओळ पट्टीने सरळ खोडली, पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि बहिणीचं नाव भरलं. ओक मलसून.

"राहिलं का आत?"

"राहिलं."

त्यांनी मान डोलावली. कागद उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला ते नाव पेन्सिलीने पुन्हा लिहून ठेवलं.