खोट्या तलावातलं गावकूस

मी एक तलाव बोलतोय, पण घागर घेऊन येऊ नका. माझ्यात थेंबभरही पाणी नाही. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. मी सगळा आकड्यांचा.

मला घडवलं मल्लिकार्जुन सरांनी, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात. अहमदपूरकडच्या एका गावाचा खरा तलाव आटत आला होता. वर थोडं निवळ, कोमट पाणी. खाली गार, जड, गाळानं काळवंडलेलं. असे थर सहजी मिसळत नाहीत. जड पाणी तळाशी सरपटतं, आणि वाटेत काही आडवं आलं की तिथंच तुंबून बसतं. पंप जोरात चालला, तळ खणला, तर ते काय करील? हे खऱ्या पाण्याला हात न लावता कळावं, म्हणून माझा जन्म. सरांनी माझा वरचा थर निळा रंगवला, खालचा तांबूस. मी दिसतो देखणा, हे मला ठाऊक आहे.

कॉलेजचे शिपाई धोंडप्पा पडद्याकडे बघून रोज म्हणायचे, "सर, ह्यातली एक घागर तरी भरून द्या की!" सगळे हसायचे. मला मात्र ते लागायचं.

तलावाकाठच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीकडे पाणी कमी येऊ लागलं होतं. खोलगट भागापासून विहिरीपर्यंत तळातून चर खणायचा का, एवढाच प्रश्न होता. गावाचं पाऊस येईपर्यंतचं पिण्याचं पाणी त्यावर अवलंबून होतं. तीन दिवस आकडेमोड करून मी ऐटीत सांगितलं, खणा. मधला तळ सपाट आहे, गाळ पातळ पसरलाय, विहिरीत शिरणार नाही.

योजनेचे इंजिनिअर अण्णाराव खूश झाले. "पोकलेन परवा येतंय, सर."

त्याच दुपारी सरांच्या आई, सिद्धम्मा, डबा घेऊन आल्या. त्यांचं माहेर याच तलावाच्या पोटात गेलेलं. सर कौतुकानं दाखवू लागले, "अव्वा, हे बघ, तुझं गाव इथं होतं."

सिद्धम्मा पदरानं चष्मा पुसून बघत राहिल्या. "आन् गावकूस कुठंय रं?"

"नकाशात न्हाई, अव्वा. पडलं असंल."

"पडतंय कशानं? काळा दगड हाय त्यो! बारा बायका त्याच्यावर शेवया वाळत घालायचो आम्ही. तुझा नकाशा शेवया खायला आल्ता का तवा?"

सरांनी जुना नकाशा काढून पाहिला. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून कागदांची गाठोडी आली होती. तलावाचा मूळ नकाशा त्यांत नव्हता, होती एक घाईची नक्कल. नक्कल करणाऱ्यानं गाव उठलं म्हणून गावकूसही उठवलं होतं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाराव होडीतून, सिद्धम्मांनी सांगितल्या जागी, बांबू खुपसत गेले. दोन हातांवर बांबू दगडाला लागला. पुढे लागतच गेला.

सरांनी माझ्यात गावकुसाची भिंत घातली. मग मला माझी चूक दिसली. चाळीस वर्षांचा गाळ भिंतीमागे माणूसभर उंच तुंबला होता, आणि भिंतीवरून निवळ पाणी तेवढं हळूच विहिरीकडे सरकत होतं. आखलेला चर बरोबर त्या भिंतीतून जात होता. सरांनी भिंत फोडून पाहिली आणि पाचव्या तासाला माझी विहीर तांबडी झाली. माझ्या शब्दावर गाव तहानेनं मेलं असतं. मला फार लाज वाटली.

पोकलेन आल्या पावली परत गेलं. पंप दिवसातून तीनच तास, हळू चालवला. नळ आठव्या दिवशी यायचा, पण निवळ यायचा, आणि पाऊस येईपर्यंत पुरला.

त्यानंतर सिद्धम्मा अधूनमधून यायच्या. डबा ठेवायच्या, पडद्यावर बोट टेकवायच्या, "हितं वेस. हितं आमचं दार." शेवटच्या खेपेला नुसतंच बोट टेकवून बसल्या होत्या. आता त्या नाहीत. खरा तलाव भरला, भिंत पुन्हा बुडाली.

माझा कॉम्प्युटर आता भंगारात निघालाय. येत्या सोमवारी खोली रिकामी होणार. माझी तक्रार नाही, कुणाची तहान मी कधी भागवली नाही. मला खुशाल पुसा. फक्त त्याआधी ते गावकूस कुणीतरी कागदावर उतरवून घ्या. जिल्ह्याच्या नकाशात ते अजून नाही, आणि सांगायला आता सिद्धम्माही नाहीत.