सुतकाची तार

इंडियाकडून फुटबॉल मी एकूण बावीस मिनिटं खेळले. परदेशात, पहिल्या गोलीचा खांदा निखळला म्हणून. तीन अडवले, एक खाल्ला, बाकी सगळा दौरा बाकावर बसून काढला. कोणी विचारलंच तर मी एवढंच सांगते आणि वर चहा घेणार का ते विचारते.

त्यानंतर त्र्याऐंशी साली मात्र खरंच माझा नंबर होता. पहिल्या गोलीचं लग्न झालं, सासरच्यांनी खेळ बंद केला. आमचे कोच जयवंत सर म्हणाले, "रतन, या वेळी तूच गं. पत्राची वाट बघ." एवढं सांगून सर गणपतीला गावी निघून गेले. मी रोज सकाळी कांदिवलीच्या मैदानावर एकटी भिंतीवर बॉल मारायचे आणि दहिसरला चाळीत परत आले की विचारायचे, "बाबा, माझं पत्र?"

"नाय गो."

खोटं बोलत नव्हते. पत्र नव्हतंच आलं. हरतालिकेच्या दिवशी, मी मैदानावर असताना, तार आली होती.

आता तार म्हणजे काय, हे आमच्या चाळीत कोणाला सांगायला नको. तार म्हणजे कोणीतरी गेलं. गावाला आजी दोन महिने अंथरुणाला खिळलेली. माझे बाबा, दत्ताराम, यांनी सही करून तार घेतली आणि न फोडताच ट्रंकेत वॉचमनच्या युनिफॉर्मखाली ठेवून दिली. कारण बातमी कळली की सुतक लागतं, आणि सुतकात गणपती बसवता येत नाही. कळलीच नाही तर सुतक कसलं? मखर तयार होतं, मूर्ती दुसऱ्या दिवशी घरात यायची होती. गिरणी बंद पडली, गोरेगावच्या स्टुडिओच्या गेटवर उभं राहायची वेळ आली, तरी बाबांनी गणपती चुकवला नव्हता. आईलासुद्धा काही सांगितलं नाही.

आरतीला त्यांचा आवाज फाटायचा, डोळ्यांना धार लागायची. मला वाटलं, या वर्षी भक्ती जरा जास्तच झालीये. मी मोदक वळत बसायचे. पत्र नाही म्हणजे निवड नाही, हे मी धरून चालले होते. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता. मी वाफाळती उकड मळत असताना आई ओरडली, "अगं, हात भाजतील!" मला काहीच लागत नव्हतं.

गौरी-गणपती नदीवर पोचवून आम्ही घरी आलो. बाबांनी पाय धुतले, ट्रंक उघडली आणि तार माझ्या हातात दिली.

"वाच गो. इंग्रजी आसा. आये कधी गेली ता सांग."

आईने तोंडाला पदर लावला.

मी तार फाडली. बारा तारखेपर्यंत कलकत्त्याच्या कॅम्पला हजर व्हा, टीम पंधराला परदेशी रवाना होणार. वर माझं नाव. आज सोळा होती. हरतालिकेला रात्री गाडी पकडली असती तर बाराला आरामात पोचले असते. मी दोनदा वाचलं.

"आजीचं नाहीये काही," मी म्हटलं. "मला बोलावलंय. खेळायला."

बाबा मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. इतके दिवस मनातल्या मनात स्वतःच्या आईला पोचवत होते बिचारे. "जिती आसा! माझी आये जिती आसा!" मग उठले, गॅलरीत गेले आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडले, "ओ, आमचा चेडू इंडियासाठी खेळूक जाता!"

'माझी पुरती वाट लावलीत हो बाबा!' शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात बाबा आत आले. सहा दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसत होते. मी तारेची घडी घातली.

"कधी जाऊचा गो?"

"बारा तारखेला."

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. बोट सोळावर टेकलं, बारावर गेलं, परत सोळावर आलं. हसू थांबलं.

"फुडच्या म्हयन्यातली ना गो?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

"हो," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यातली."

"मगे उद्याच बोरिवलीक जाऊन तुका नवे बूट घेऊया," बाबा म्हणाले.